शौचास काळे होते, पण दोष पोटात नसतो तेव्हा

शौचास डांबरासारखे काळे, चिकट झाले की बरेच जण 'मूळव्याध असेल' म्हणून सोडून देतात. पण मूळव्याधीचे रक्त सहसा लाल असते. असा काळा रंग बहुधा जठरातल्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या रक्तस्रावाचा असतो. कधी कधी त्याचे मूळ कारण हाडांच्या आतल्या मज्जेत असते. हे वैद्यकशास्त्राला कसे कळले, ते पाहू.

रक्तपेशी अस्थिमज्जेत तयार होतात, हे १८६८ मध्ये नॉयमन आणि बिझोझेरो यांनी दाखवले. रक्तस्राव थांबवण्यातले प्लेटलेटचे काम बिझोझेरो यांनीच १८८२ मध्ये ओळखले. १८८८ मध्ये पॉल अर्लिख यांनी एका तरुण गर्भवतीच्या मृत्यूनंतर तिची मज्जा तपासली. तिथे रक्तपेशी जवळजवळ बनतच नव्हत्या. या आजाराला आज आपण अप्लास्टिक अ‍ॅनिमिया म्हणतो.

१९१० मध्ये अमेरिकेत डॉ. ड्यूक यांच्या रुग्णाच्या नाकातले रक्त थांबत नव्हते. दात्याचे रक्त थेट देताच प्लेटलेट वाढल्या आणि रक्त थांबले. काही दिवसांत प्लेटलेट उतरल्या, तसा रक्तस्राव पुन्हा सुरू झाला. म्हणजे प्लेटलेट देणे हा तात्पुरता आधार. मूळ उपचार मज्जेवरच हवा. त्या वाटेवर भारतातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले.

आणखी एक धडा १९६० च्या दशकातला. ल्युकेमियाच्या रुग्णांना तेव्हा तापावर सर्रास अ‍ॅस्पिरिन दिली जाई. ती प्लेटलेटचे काम बिघडवते, हे नंतर उमगले.

हा धडा अंथुर्ण्यातही तितकाच लागू आहे. दिवसभर उसात राबल्यावर कंबर दुखते आणि मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणली जाते. अशा बहुतेक गोळ्या जठराच्या अस्तराला इजा करतात. प्लेटलेट पुरेशा असतील तर छोटी जखम बुजते. मज्जा आजारी असेल तर तीच वाहत राहते.

म्हणून मज्जेचा आजार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेदनाशामक घेऊ नका. लोहाच्या गोळ्यांनीही शौचास काळे होते; त्या चालू असतील तर तसे सांगा. पण डांबरासारखे शौचास झाले, रक्ताची उलटी झाली, चक्कर आली, तर सकाळची वाट न पाहता प्लेटलेट मिळू शकतील अशा रुग्णालयात जा. जुने रिपोर्ट सोबत न्या. अंगावर लाल ठिपके किंवा हिरड्यांतून रक्त दिसत असेल, तर तेही आवर्जून सांगा.