जमिनीखालची आग, टेकडीवरचे देवमंदिर

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या डोंगराळ भागात सेंट्रेलिया नावाचे एक गाव होते. ‘होते’ असे लिहिताना लेखणी थोडी अडखळते, कारण 2020 च्या जनगणनेत तेथे पाच माणसांची नोंद आहे. 1890 साली तेथे 2,761 माणसे राहत होती.

या डोंगरांच्या पोटात अँथ्रासाइट हा अत्यंत कठीण जातीचा दगडी कोळसा आहे. 1856 मध्ये येथे पहिल्या खाणी सुरू झाल्या आणि अलेक्झांडर रे या खाण-अभियंत्याने आखलेल्या वस्तीला 1866 मध्ये नगराचा दर्जा मिळाला. दुष्काळाने देशोधडीला लागलेले आयरिश कॅथॉलिक येथे कामाला आले. पोटापाण्याची सोय होते न होते तोच त्यांनी 1869 मध्ये संत इग्नेशियसचे चर्च उभारले. पुढे पूर्व युरोपातून युक्रेनियन खाणकामगार आले. त्यांनी 1911 मध्ये उत्तरेकडील टेकडीवर पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचे देवमंदिर बांधले. हे लोक ग्रीक-कॅथॉलिक, म्हणजे पौर्वात्य उपासनाविधी पाळणारे पण पोपमहोदयांशी एकरूप असलेले. आपल्या केरळमधील सिरो-मलबार बांधवांचे उदाहरण डोळ्यांपुढे आणल्यास ही गोष्ट सहज समजेल.

1929 च्या महामंदीनंतर खाणी एकामागून एक बंद पडू लागल्या. बेकार झालेले कामगार चोरून बंद खाणींत उतरत आणि छत पेलण्यासाठी राखलेले कोळशाचे खांबच खणून नेत. चूल पेटवण्यासाठी केलेल्या या चोरीला दोष देणे माझ्या जिवावर येते. पण त्यामुळे डोंगर आतून पोखरला गेला आणि ठिकठिकाणी ढासळला, हेही खरे.

मे 1962 मध्ये स्मृतिदिनापूर्वी गाव स्वच्छ दिसावे म्हणून नगरपालिकेने स्मशानभूमीजवळच्या एका जुन्या खाणखड्ड्यातील कचरा पेटवून दिला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ती आग कोळशाच्या थरात उतरली. खणून ती विझवण्याचे काम त्याच वर्षी हाती घेतले गेले, पण मंजूर झालेले पैसे संपले आणि काम थांबले. पुढचे प्रयत्नही असेच अपुरे पडले. आग मात्र कोणाच्या मंजुरीसाठी थांबणारी नव्हती! 1979 मध्ये एका पेट्रोल पंपाच्या भूमिगत टाकीतील इंधन सुमारे 78 अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले आढळले. घराघरांत कार्बन मोनॉक्साइड वायू शिरू लागला. फेब्रुवारी 1981 मध्ये बारा वर्षांच्या एका मुलाच्या पायाखालची जमीन एकाएकी खचली; झाडाचे मूळ हाती लागले आणि चुलतभाऊ धावून आला, म्हणून तो वाचला.

तेव्हा कोठे सरकार जागे झाले. स्थलांतरासाठी 4 कोटी 20 लाख डॉलरची तरतूद झाली. परंतु आगीपेक्षाही या प्रश्नाने गाव अधिक दुभंगले, असे मला वाटते. लहान मुलांचे आईबाप म्हणत, निघू या. म्हातारी माणसे म्हणत, आमच्या घराखाली आग नाही, आम्ही का जावे? दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी रास्त होते. वर्षानुवर्षे एकाच बाकावर बसून मिस्सा ऐकणारी माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली असतील, तर त्या वेळच्या धर्मगुरूने प्रवचनात काय सांगितले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. बहुतेक कुटुंबे गेली. 1992 मध्ये राज्याने उरलेली घरेही कायद्याने ताब्यात घेतली. 2002 मध्ये गावाचा टपाल क्रमांक रद्द झाला. न्यायालयात झगडणाऱ्या मूठभर रहिवाशांना 2013 मध्ये हयात असेपर्यंत तेथेच राहण्याची मुभा मिळाली.

संत इग्नेशियसचे चर्च 1995 मध्ये बंद झाले आणि 1997 मध्ये पाडले गेले. त्याच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. ‘मॉली मॅग्वायर्स’ या गुप्त संघटनेच्या माणसांनी पहिले धर्मगुरू फादर मॅकडरमॉट यांना मारहाण केली, तेव्हा त्यांनी शाप दिला की, एक दिवस या गावात फक्त हे चर्च उरेल. धर्मगुरूने शाप द्यावा, हे मला पटत नाही. आणि घडले तेही नेमके उलटे.

उरले ते टेकडीवरचे युक्रेनियन देवमंदिर. 1980 च्या दशकात आर्चबिशप स्टीफन सुलिक यांनी त्याच्या जागेची तपासणी करून घेतली, तेव्हा खाली कोळसा नव्हे तर अखंड खडक असल्याचे दिसून आले. पेत्राच्या नावाची आठवण येथे कोणाला होणार नाही? देवमंदिर वाचले. आपण ‘धर्मग्राम’ हा शब्द किती सहज वापरतो! येथे ग्राम गेला, तरी आसपासच्या गावांत विखुरलेली माणसे रविवारी उपासनेसाठी टेकडी चढत राहिली. 2015 मध्ये युक्रेनियन ग्रीक-कॅथॉलिक चर्चचे प्रमुख स्वियातोस्लाव शेवचुक येथे आले आणि त्यांनी हे स्थान यात्रेचे व्हावे असे सुचवले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 2016 मध्ये, पहिली यात्रा भरली.

1966 मध्ये शताब्दीनिमित्त गावकऱ्यांनी एक स्मृतिपेटी पुरली होती. ती 2016 मध्ये उघडायची होती, पण कोणीतरी ती चोरण्याचा प्रयत्न केल्याने 2014 मध्येच उघडावी लागली. आत पाणी शिरलेले होते. त्या पाण्यातून खाणकामगाराचे शिरस्त्राण, दिवा, थोडा कोळसा आणि एक बायबल बाहेर काढण्यात आले.