पट उरतो, डाव हरवतो
बैठ्या खेळांचे नियम टिकवावेत कसे आणि नवा खेळ रचावा कसा?

पुणे-मिरज लोहमार्गावरील रहिमतपूर हे सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्याचे कमंडलू नदीकाठचे जुने गाव. आदिलशाहीतील सरदार रणदुल्लाखानाचा मकबरा आणि मशीद यांमुळे इतिहासाच्या अभ्यासकांना ते परिचित आहे. ज्या फारसी संस्कृतीने या गावाला नाव दिले, तिनेच शह, वजीर, प्यादे आणि गंजिफा हे शब्दही मराठीला दिले. उन्हाळ्याच्या सुटीत शहरांतून गावी येणाऱ्या मुलांना असे शब्द पुस्तकांतून शिकावे लागत नसत. दुपारी वाड्याच्या ओसरीवर डाव मांडला जाई आणि आजोबा, आत्या, चुलतभावंडे यांच्यात बसून खेळता खेळता नियम आपोआप कळत.

बैठ्या खेळांची ही परंपरा आज एका विचित्र अवस्थेत आहे. पट बाजारात मिळतो, कवड्या मिळतात, रंगवलेले गंजिफेही मिळतात. मिळत नाही ते नियम सांगणारे माणूस. साधने टिकली आणि खेळ विस्मरणात गेला, असे का घडले हे पाहण्याजोगे आहे.

राजदरबारापासून ओसरीपर्यंत

दख्खनमधील बैठ्या खेळांची नोंद जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींचे वर्णन करताना बुद्धिबळ, फासे आणि कवड्यांचे खेळ यांची दखल घेतली आहे. ज्ञानेश्वरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘मोक्षपटा’त जन्मापासून मोक्षापर्यंतचा प्रवास घराघरांतून मांडलेला आढळतो. त्याच्या हस्तलिखित प्रती वा. ल. मंजूळ यांनी प्रकाशात आणल्या. अधिक चिन्हाच्या आकाराचा सारीपाट तर सर्वपरिचित आहे. चार बाजूंना प्रत्येकी २४ म्हणजे एकूण ९६ घरे आणि मध्ये सोंगट्या पोचण्याचे स्थान, ही त्याची रचना. याच खेळाचे सोपे रूप इंग्लंडमध्ये १८९६ साली ‘लुडो’ या नावाने नोंदवले गेले आणि पुढे खोक्यात बंद होऊन भारतात परतले.

खोक्याबरोबर छापील नियम आले, हा येथील महत्त्वाचा फरक. सारीपाटाचे नियम घरोघरी थोडे वेगळे असत आणि ते बदलण्याचा अधिकार खेळणाऱ्यांकडे असे. छापील नियमांनी तो अधिकार हळूहळू काढून घेतला.

गंजिफा : कला वाचली, खेळ मागे पडला

याचे सर्वांत ठळक उदाहरण गंजिफ्याचे. बाबराने १५२७ साली सिंधमधील शाह हसन यास गंजिफा पाठवल्याचा उल्लेख त्याच्या आत्मचरित्रात आहे. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त १२ रंगांच्या १४४ पानांचे वर्णन असून अकबराने या खेळात फेरबदल केल्याचेही नमूद आहे. पुढे ८ रंगांचा, ९६ पानांचा मोगल गंजिफा रूढ झाला. महाराष्ट्रात लोकप्रिय झालेला दशावतारी गंजिफा हा त्याच साच्यातून घडलेला नवा खेळ होय. मत्स्यापासून कल्कीपर्यंत १० अवतारांचे १० रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी १२ पाने, मिळून १२० पाने. ती सर्व गोलाकार असतात.

तिघे खेळाडू ४०-४० पाने घेऊन बसतात. दिवसा डाव असेल तर रामाचा राजा ज्याच्या हाती आला त्याची पहिली उतारी आणि दिवेलागणीनंतर कृष्णाच्या राजाची. निम्म्या रंगांत प्रधानाखालोखाल दहाचे पान मोठे, तर उरलेल्या निम्म्या रंगांत एकाचे पान मोठे आणि दहाचे सर्वांत लहान. हुकमाचा रंग नसतो. कोणती पाने पडून गेली आणि कोणती कोणाच्या हाती उरली असावीत, हे लक्षात ठेवण्यातच खेळाचा कस लागतो.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीतील ही कला जवळजवळ लोप पावली होती. संस्थानचे शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिरांकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांना काम दिले. कापडाचे थर चिंचोक्यांच्या खळीने चिकटवणे, खडूचा लेप देऊन घोटणे, हाताने चित्र काढणे आणि शेवटी लाखेचा मुलामा देणे ही कृती त्यामुळे वाचली. कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथातून या पानांकडे जगाचे लक्ष वेधले. मात्र आज हे संच विकत घेणाऱ्यांपैकी बहुतेकजण ते चौकटीत बसवून भिंतीवर लावतात. पानांवरचा राम सर्वांना ओळखता येतो. त्याच्या राजाने उतारी केव्हा करायची, हे सांगता येणारे थोडे.

बावन्न पानांतील घरगुती बुद्धी

गंजिफ्याची जागा घेणाऱ्या युरोपीय पत्त्यांच्या बाबतीत मराठी घरांनी मात्र सर्जनशीलता दाखवली. ‘पाच-तीन-दोन’ हे त्याचे उत्तम उदाहरण. तीनच खेळाडू असतील तर बावन्न पाने समान वाटता येत नाहीत. म्हणून चारही रंगांतील अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची २८ पाने घेऊन त्यांत इस्पिक व बदामाची सत्ती मिसळायची. ३० पाने झाली, प्रत्येकाला दहा. एकाने पाच, दुसऱ्याने तीन, तिसऱ्याने दोन हात करायचे. ज्याचे हात कमी पडतील त्याच्याकडून जास्त हात करणाऱ्याने पुढच्या डावात पाने ओढायची. वाटणीची अडचण होती, तिच्यातून खेळ जन्मला.

मेंढीकोटात हातांपेक्षा दश्श्यांना महत्त्व आहे. समोरासमोर बसलेल्या जोड्यांपैकी जी चारही दश्श्या गोळा करील ती मेंढीकोट करते. हुकूम बंद ठेवायचा की रंग संपल्यावर कापताना ठरवायचा, यावर घराघरांत मतभेद असतात आणि पाने पिसण्याआधी ते मिटवावे लागतात. बदामसात, झब्बू, लॅडीस, गुलामचोर या खेळांचीही अशीच पाठभेदांसह परंपरा आहे.

संस्थेचा आधार

एका खेळाचे भाग्य वेगळे ठरले. पेशवाईच्या अखेरच्या काळातही बुद्धिबळाला राजाश्रय होता आणि प्याद्याने मात करणे विशेष प्रतिष्ठेचे मानले जाई. पुढे आंतरराष्ट्रीय नियम आले तेव्हा जुने प्रकार मागे पडले. पण खेळाला संस्था लाभल्या. सांगलीत १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन झाले. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी आयुष्य वेचून तेथे खेळाडू घडवले. पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेतेपद मिळवणाऱ्या भाग्यश्री साठे-ठिपसे याच परंपरेतील. स्पर्धा, लिखित नियम आणि शिकवणारा गुरू या तिन्ही गोष्टी मिळाल्या की खेळ कसा जगतो, हे सांगलीने दाखवून दिले. सारीपाट, वाघ-बकरी आणि गंजिफा यांना त्या मिळाल्या नाहीत.

खडूने आखावा असा पट

ज्यांना आजच आरंभ करायचा आहे त्यांच्यासाठी अष्टाचंग सोयीचा आहे. काही भागांत यालाच नुसते ‘पट’ म्हणतात. जमिनीवर खडूने ५ × ५ अशी २५ घरे आखावीत. प्रत्येक बाजूच्या मधल्या घरावर आणि अगदी मधल्या घरावर फुली मारावी. दोन ते चार खेळाडू, प्रत्येकी चार सोंगट्या आणि चार कवड्या एवढे साहित्य पुरे. कवड्या नसल्यास चिंचोके फोडून त्यांच्या पांढऱ्या बाजूचा उपयोग करावा.

उताण्या पडलेल्या कवड्यांइतकी घरे पुढे जायचे. चारही उताण्या म्हणजे चार, चंग. चारही पालथ्या म्हणजे आठ, अष्टा. या दोन्ही दानांना पुन्हा खेळण्याची संधी मिळते. सोंगटी आपल्या फुलीपासून बाहेरच्या घरांतून एका दिशेने फिरते, मग आतील घरांतून उलट दिशेने जाऊन मध्यभागी पोचते. एकूण २४ पावले. फुलीवर सोंगटी मारता येत नाही. प्रतिपक्षाची एकतरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत प्रवेश नाही, हा नियम अनेक घरांत कसोशीने पाळला जातो.

नियम बदलला की खेळ बदलतो

याच पटावर नवा खेळ रचण्याचा अभ्यास करता येतो. चार कवड्या दोन्ही बाजूंनी सारख्याच पडतात असे मानले तर सोळा शक्यतांपैकी दोनचे दान सहादा, एक व तीन प्रत्येकी चारदा, आणि चार व आठ प्रत्येकी एकदा येते. पाचवी कवडी घेतली की ही सारी गणिते बदलतात. मारण्याची अट काढली की खेळ झपाट्याने संपतो. फुल्या कमी केल्या की तो निर्दय होतो. एका वेळी एकच नियम बदलावा, दोन-तीन डाव खेळावेत आणि मगच तो ठेवायचा की नाही ते ठरवावे.

विषयही परिसरातून घेता येतो. सातारा, कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड, किर्लोस्करवाडी, सांगली, मिरज ही स्थानके एका रेषेत मांडली, दोन्ही टोकांकडून सोंगट्यांच्या गाड्या सोडल्या आणि एकेरी मार्गावरील जुना नियम लावला, की पट तयार होतो. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या केवळ स्थानकातच एकमेकींना ओलांडू शकतील, मध्ये गाठ पडली तर एकीने मागे यावे. कोणी थांबायचे हे दान ठरवील की खेळाडू, एवढ्या एका प्रश्नावर नशिबाचा खेळ आणि बुद्धीचा खेळ यांतील सीमा मुलांना उमगते.

शेवटचे काम सर्वांत सोपे आणि सर्वांत उपेक्षित आहे. घरातील वडीलधाऱ्यांना येणाऱ्या खेळांचे नियम त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्यावेत. पटाची आकृती काढावी, वादाच्या प्रसंगी त्यांच्या घरी काय निवाडा होत असे तेही लिहावे. सावंतवाडीच्या कारागिरांनी पाने वाचवली ती एका वृद्ध चिताऱ्याला वेळीच विचारले गेले म्हणून. पुढच्या सुटीत ओसरीवर, किंवा शहरातील सदनिकेच्या दिवाणखान्यात, डाव मांडताना आजीला एवढाच प्रश्न करावा : ‘तुमच्याकडे हा कसा खेळत?’