हेवी मेटल : ध्वनिमुद्रिका आणि रंगमंच

काळे कपडे घातलेल्या, लांब केस वाढवलेल्या तरुणांनी केलेला कर्णकर्कश गोंगाट म्हणजे ‘हेवी मेटल’, असा या पाश्चात्य संगीतप्रकाराविषयी आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. कर्णकर्कशतेचा आरोप अगदीच खोटा नाही. परंतु या संगीताचा चाहता अत्यंत चोखंदळ असतो, हे फारसे ध्यानात घेतले जात नाही. तो अल्बम मिळवतो, पाठ होईपर्यंत ऐकतो आणि मग तेच संगीत रंगमंचावर कसे उभे राहते हे पाहण्यासाठी शेकडो मैलांचा प्रवास करतो. अल्बम आणि प्रत्यक्ष कार्यक्रम यांना एकमेकांच्या कसोटीवर घासून पाहणे, हा त्याच्या रसिकतेचा गाभा आहे. ध्वनिमुद्रिकेवरचे तीन मिनिटांचे नाट्यपद आणि ‘वन्समोअर’ घेत रंगलेला प्रयोग यांतील फरक जाणणाऱ्या मराठी वाचकाला ही वृत्ती परकी वाटू नये.

या संगीताचा उगम सामान्यतः इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखानदारीच्या शहरात मानला जातो. तेथील ‘ब्लॅक सॅबथ’ या चौघांच्या वाद्यवृंदाचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झाला. गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात काम करताना कापली गेली होती. तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात नेमका हाच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे तयार केली आणि पुढे तारांचा ताण कमी करून त्या खालच्या स्वरात लावण्यास सुरुवात केली. या प्रकाराला लाभलेला जड, खर्जाकडे झुकलेला नाद काही अंशी या अपघाताची देणगी आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. हा अल्बम १६ ऑक्टोबर १९६९ या एकाच दिवसात जवळजवळ संपूर्ण मुद्रित झाला. वाद्यवृंद रोज रंगमंचावर जे वाजवीत होता, तेच त्याने स्टुडिओत वाजवले. म्हणजे हेवी मेटलची पहिली ध्वनिमुद्रिका ही प्रेक्षकांवाचून झालेली एक मैफलच होती.

प्रत्यक्ष कार्यक्रमाला एवढे महत्त्व का, याचे एक उत्तर ध्वनिशास्त्रात आहे. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या क्षमतेपलीकडे रेटले, की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि मूळ स्वरात नसलेले अनेक वरचे स्वरांश त्यात मिसळतात. यालाच ‘डिस्टॉर्शन’ म्हणतात. हा दोष मानण्याऐवजी हेवी मेटलने तोच आपला मुख्य रंग ठरवला. हा नाद मुळात मोठ्या आवाजातूनच जन्माला आला. शिवाय आवाज लहान केला, की मानवी कानाला खर्जाचे स्वर प्रमाणाबाहेर क्षीण ऐकू येतात. दिवाणखान्यात शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हळू लावलेला मेटल अल्बम निम्माच ऐकू येतो, ही चाहत्यांची तक्रार म्हणूनच शास्त्राला धरून आहे. मैदानावर बेस गिटार आणि ड्रम कानांइतकेच छातीलाही जाणवतात. अर्थात, याची किंमत श्रवणशक्तीला मोजावी लागते. कानात कायमची शीळ घुमत राहिल्याची व्यथा अनेक जुन्या वादकांनी बोलून दाखवली आहे, आणि कानात बोळे घालून कार्यक्रमाला जाणे हे भित्रेपणाचे नसून शहाणपणाचे लक्षण आहे.

ज्यांना कार्यक्रमाला जाणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी ‘लाइव्ह अल्बम’ हा मधला मार्ग होता. ‘डीप पर्पल’ या इंग्लिश वाद्यवृंदाचा ‘मेड इन जपान’ हा १९७२ चा जोड-अल्बम या परंपरेचा पाया म्हणावा लागेल. त्याच वर्षी १५ ते १७ ऑगस्ट या काळात ओसाका आणि टोकियो येथे झालेल्या तीन कार्यक्रमांतून तो सिद्ध झाला. मूळ कल्पना तो केवळ जपानी बाजारासाठी काढण्याची होती आणि वादकांना त्यात विशेष रसही नव्हता. प्रत्यक्षात तोच त्यांच्या सर्वोत्तम कामांत गणला जाऊ लागला, कारण स्टुडिओत आटोपशीर वाटणारी गाणी तेथे पसरली, भरकटली आणि पुन्हा समेवर आली.

पण लाइव्ह म्हणून विकलेले खरोखर किती ‘जिवंत’ असते? ‘जुडास प्रीस्ट’चा ‘अनलीश्ड इन द ईस्ट’ हा १९७९ चा अल्बम टोकियोतील कार्यक्रमांचा; मात्र गायक रॉब हॅलफर्ड आजारी असल्याने त्याचे गायन पुढे स्टुडिओत नव्याने मुद्रित केल्याचे त्याने स्वतःच नंतर सांगितले. चाहत्यांनी या अल्बमचे ‘अनलीश्ड इन द स्टुडिओ’ असे विडंबन केले, तरी तो ऐकणे काही सोडले नाही. ‘मोटरहेड’चा ‘नो स्लीप टिल हॅमरस्मिथ’ १९८१ मध्ये ब्रिटिश विक्रीयादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला. गंमत अशी, की लंडनमधील ज्या हॅमरस्मिथचे नाव त्याच्या मुखपृष्ठावर आहे, तेथील ध्वनिमुद्रण त्यात नाही. बहुतेक गाणी लीड्स आणि न्यूकॅसल येथील आहेत. असे तपशील मेटलचा चाहता खेळाडूंच्या धावसंख्येसारखे तोंडपाठ ठेवतो.

प्रस्तुत लेखकाच्या मते या सर्वांत उजवा ठरतो तो ‘आयर्न मेडन’चा ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ (१९८५). बेसवादक स्टीव्ह हॅरिस याने १९७५ च्या नाताळात पूर्व लंडनमध्ये स्थापन केलेला हा वाद्यवृंद. घोड्याच्या टापांप्रमाणे एक दीर्घ आणि दोन ऱ्हस्व आघातांची लय ही त्याची ओळख. १९८४ च्या ‘पॉवरस्लेव्ह’ या अल्बमनंतर त्यांनी पोलंडपासून जो जागतिक दौरा आरंभला, तो सुमारे अकरा महिने चालला आणि त्यात १८० हून अधिक कार्यक्रम झाले. रंगमंचावर प्राचीन इजिप्तमधील मंदिराचा देखावा उभारलेला असे आणि ‘एडी’ नावाचा त्यांचा सांगाड्यासारखा मानचिन्ह-पुरुष ममीच्या रूपात अवतरत असे. लाइव्ह अल्बमचा मुख्य भाग मार्च १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे मुद्रित झाला. त्यात कोलरिजच्या १७९८ सालच्या प्रसिद्ध दीर्घकाव्यावर आधारलेली, तेरा मिनिटांहून मोठी रचना आहे. तिच्या मध्यावर वादन जवळपास थांबते आणि गलबताच्या लाकडांची करकर तेवढी ऐकू येते. हजारोंचा समुदाय त्या क्षणी कसा श्वास रोखतो हे स्टुडिओतील मुद्रण सांगू शकत नाही. लाइव्ह अल्बम सांगतो. गायक ब्रूस डिकिन्सनचा आवाज काही ठिकाणी दमलेला आहे. महिनोन्महिने रोज गाणाऱ्याचा गळा दमणारच, आणि तो दमलेला ठेवला यातच या मुद्रणाचा प्रामाणिकपणा आहे.

‘मेड इन जपान’ आणि ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ या दोन्हींमागे एकच माणूस होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मार्टिन बर्च हा पहिल्याचा ध्वनिमुद्रक आणि दुसऱ्याचा निर्माता. २०२० मध्ये तो निवर्तला तेव्हा त्याला आदरांजली वाहणाऱ्या वादकांची यादी म्हणजे या संगीताचा अर्धा इतिहासच होता.

अमेरिकेत चाहत्यांनी याहून पुढची मजल गाठली. ‘मेटालिका’ १९८१ मध्ये लॉस एंजेलिस येथे स्थापन झाला, आणि १९८३ मध्ये पहिला अल्बम निघण्यापूर्वीच त्याचे नाव सर्वदूर गेले होते. घरगुती कॅसेटवर उतरवलेली त्यांची प्राथमिक ध्वनिमुद्रणे चाहते टपालाने एकमेकांना पाठवीत. कंपनी नाही, जाहिरात नाही. याच चाहत्यांनी २००८ मध्ये ‘डेथ मॅग्नेटिक’ या अल्बमविरुद्ध तक्रार केली, आणि तक्रार काय, तर तो फार मोठ्या आवाजात मुद्रित केला आहे! गाण्यातील हलका आणि जोरदार भाग एकाच पातळीवर आणल्याने ड्रमचा ठसठशीतपणा हरपला होता. ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेमसाठी दिलेल्या त्याच गाण्यांत तो शाबूत आहे, हे चाहत्यांनी ताडले आणि अल्बम नव्याने सिद्ध करावा म्हणून हजारोंनी सह्यांचे निवेदन दिले. ज्यांना गोंगाटाचे भोक्ते म्हणून हिणवले जाते, त्यांनीच गोंगाट आणि नाद यांतील फरक दाखवून द्यावा, याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

कार्यक्रमाचे काही संकेत ठरून गेले आहेत. लयीवर मान हलवणे, म्हणजे ‘हेडबँगिंग’, सर्वपरिचित आहे. तर्जनी आणि करंगळी ताठ ठेवून हात उंचावण्याची खूण रॉनी जेम्स डिओ या गायकाने १९७९ मध्ये ‘ब्लॅक सॅबथ’मध्ये आल्यावर लोकप्रिय केली. सैतानपूजेचे चिन्ह म्हणून तिच्यावर टीका होते. डिओच्या सांगण्याप्रमाणे मात्र त्याची इटालियन वंशाची आजी दृष्ट लागू नये म्हणून ही खूण करीत असे. मीठ-मोहऱ्या ओवाळणाऱ्या आपल्या आजीला ती सहज उमजली असती. रंगमंचासमोर धक्काबुक्की करणाऱ्यांच्या रिंगणातही एक नियम पाळला जातो: कोणी पडला तर आजूबाजूच्यांनी त्याला तत्काळ उभे करायचे.

भारतीय चाहत्याच्या वाट्याला दीर्घकाळ यातील एकच बाजू आली. परदेशातून कोणी आणलेला अल्बम कॅसेटवर उतरवून घेणे, किंवा मुंबईत काळा घोडा येथील ‘रिदम हाऊस’मध्ये तासन्‌तास घालवणे (हे दुकान २०१६ मध्ये बंद झाले), एवढाच मार्ग होता. प्रत्यक्ष ऐकण्याची भूक भागवली ती देशी वाद्यवृंदांनी. मुंबईचा ‘रॉक मशीन’ १९८४ चा. धोबीतलावजवळचे खुले ‘रंगभवन’ हे ‘इंडिपेंडन्स रॉक’ या महोत्सवाचे माहेरघर होते. परिसरात रुग्णालये आणि महाविद्यालय असल्याने शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तेथील कार्यक्रम थांबले. कानठळ्या बसवणाऱ्या संगीताला रुग्णालयाशेजारी जागा नसावी, हे मान्य करावेच लागेल. पण त्या तोडीची, सामान्य विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारी जागा शहराने पुन्हा दिली नाही, हेही खरे. अलाहाबादहून १९९३ मध्ये निघालेल्या ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ने विखुरलेल्या चाहत्यांना एकमेकांची ओळख करून दिली. पुढे ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ (२०००) आणि ‘भयानक मौत’ (२००३) यांसारखे मुंबईकर वाद्यवृंद स्वतःच्या रचना घेऊन उभे राहिले.

१७ मार्च २००७ रोजी ‘आयर्न मेडन’ बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेले. लगेच पुढच्या वर्षी, १ फेब्रुवारी २००८ रोजी, त्यांच्या नव्या जागतिक दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात झाला. वादक, सहकारी आणि साहित्य असे सारे एका बोइंग ७५७ विमानातून आले, आणि वैमानिकाचा परवाना असलेला डिकिन्सन या दौऱ्यात ते विमान स्वतः चालवीत असे. ‘फ्लाइट ६६६’ (२००९) या माहितीपटात हा मुंबईचा टप्पा पाहता येतो. दौऱ्याची योजनाच मुळी १९८० च्या दशकातील रचनांवर बेतलेली होती. तोच इजिप्तचा देखावा, तोच ममीरूपी एडी आणि कोलरिजवरची तीच दीर्घ रचना. कॅसेटवर ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ झिजवलेल्या पिढीला तेवीस वर्षांनी तो अल्बम डोळ्यांनी पाहता आला. शेजारी उभ्या असलेल्या अनेकांचा त्या अल्बमच्या वेळी जन्मही झालेला नव्हता, आणि शब्द त्यांनाही पाठ होते.

सगळेच असे सुरळीत झाले नाही. ‘मेटालिका’चा गुरगाव येथील २८ ऑक्टोबर २०११ चा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला आणि संतापलेल्या जमावाने रंगमंचाची मोडतोड केली; दोनच दिवसांनी बंगळूरमध्ये मात्र ते निर्विघ्न वाजवून गेले. उलट दिशेची वाहतूकही सुरू झाली आहे. दिल्लीचा ‘ब्लडीवुड’ २०१९ मध्ये जर्मनीतील वाकेन या खेड्यातील जगप्रसिद्ध महोत्सवात वाजवून आला.

‘ब्लॅक सॅबथ’चे मूळ चौघे ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर वीस वर्षांनी एकत्र आले. कंपवाताने ग्रासलेला ऑझी ऑस्बोर्न उभा राहू शकत नव्हता. तो सिंहासनासारख्या आसनावर बसून गायला. ‘मेटालिका’सह पुढच्या पिढीतील अनेक वाद्यवृंदांनी त्या दिवशी हजेरी लावली आणि उत्पन्न धर्मादाय संस्थांना देण्यात आले. त्यानंतर सतराव्या दिवशी, २२ जुलैला, ऑझीचे निधन झाले.

ज्यांना या संगीताची तोंडओळख करून घ्यायची आहे, त्यांनी प्रथम ‘पॉवरस्लेव्ह’मधील शेवटची रचना ऐकावी आणि मग तीच ‘लाइव्ह आफ्टर डेथ’मध्ये. शक्य तर चांगल्या हेडफोनवर, आवाज बेताचा ठेवून. लय कोठे वाढली, गायकाने कोणता स्वर सोडून दिला आणि गर्दी कोठे त्याच्या आधीच गाऊ लागली, हे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस आपोआप लक्षात येते.