जुहूचा दिवा आणि जुहूची बस

मुंबईच्या वाहतुकीचा इतिहास सांगताना बहुतेक लेखक कुलाब्याहून निघतात आणि दादरपाशी थांबतात. आम्ही तो जुहूहून पाहू इच्छितो. जुहूला रेल्वेस्थानक नाही. विलेपार्ले, सांताक्रूझ किंवा अंधेरीला उतरायचे आणि पुढे बस धरायची, हा इथला जुना परिपाठ. पृथ्वी थिएटरचा प्रेक्षक, एस.एन.डी.टी.च्या संकुलातली विद्यार्थिनी आणि बंगल्यांतून धुणीभांडी करणारी बाई ह्यांची गाठ पडते ती त्या लाल बसमध्ये.

'बेस्ट' ह्या नावात वीज आणि वाहतूक एकत्र आहेत, ह्याचा आपल्याला सवयीने विसर पडतो. ९ मे १८७४ रोजी मुंबईत पहिली ट्राम धावली ती घोड्यांच्या बळावर. १९०५ साली 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी' स्थापन झाली आणि १९०७ साली विजेची ट्राम सुरू झाली. ट्राम विजेवर चालायची म्हणून दोन्ही व्यवसाय एका छपराखाली आले. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस निघाली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठच दिवस आधी, हा सारा कारभार महानगरपालिकेच्या मालकीचा झाला. कंपनीचा 'उपक्रम' झाला. मराठीचे अध्यापक म्हणून आम्हांला हा शब्दबदल महत्त्वाचा वाटतो. कंपनी भागधारकांची असते, उपक्रम नागरिकांचा असतो.

ह्या काळात जुहू कोठे होते? जुहूला १९२८ पासून विमानतळ होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले. पण जुहू शहराच्या हद्दीबाहेर होते. महापालिकेची हद्द जोगेश्वरीपर्यंत वाढली ती १९५० साली. हद्दीमागोमाग उपनगरांत 'बेस्ट'च्या बसचे जाळे पसरत गेले. विजेचे मात्र तसे झाले नाही. उपनगरांना वीज पुरवण्यासाठी १९२९ सालीच 'बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय' ही वेगळी कंपनी निघाली होती. थोडक्यात, 'बेस्ट'ची बस माहीमची खाडी ओलांडून आली, वीज पलीकडेच राहिली. जुहूचा दिवा एकाचा, बस दुसऱ्याची.

ह्या विसंगतीतूनच एक मोठी गोष्ट घडली. बसच्या व्यवहारात तोटा येई, विजेच्या व्यवहारात शिल्लक उरे, आणि एकाची तूट दुसऱ्यातून भरून निघे. म्हणजे गिरगावातल्या चाळीत जळणाऱ्या दिव्याने सांताक्रूझहून जुहूला जाणाऱ्या प्रवाशाच्या तिकिटाचा काही भार उचलला. ह्या उपकाराची जाणीव ना देणाऱ्याला होती ना घेणाऱ्याला. २००३ च्या विद्युत कायद्यानंतर मात्र प्रश्न विचारला जाऊ लागला: विजेच्या ग्राहकाने बसचा तोटा का सोसावा? प्रश्न अन्याय्य नव्हता. पण तो विचारणाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही: मग तो सोसायचा कोणी?

त्याचे उत्तर आजवर तुकड्यातुकड्यांनी दिले गेले. २०१९ साली किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आणले गेले. त्याच सुमारास भाडेतत्त्वावरच्या बस येऊ लागल्या. ह्या व्यवस्थेत बस आणि चालक कंत्राटदाराचे, मार्ग आणि तिकिटाचे उत्पन्न उपक्रमाचे, आणि कंत्राटदाराला मोबदला धावलेल्या किलोमीटरवर. काही कंत्राटदारांनी मुदतीआधीच काम सोडले. मे २०२५ मध्ये किमान भाडे ५ वरून १० रुपये झाले.

कंत्राट म्हटले की आपल्याकडे लगेच कपाळाला आठी पडते. नेदरलँड्समध्ये २००१ पासून प्रादेशिक बससेवेसाठी निविदा काढण्याची पद्धत रूढ झाली. तिथे प्रांतिक सरकार निविदा काढते, कंपनी ठरावीक वर्षांसाठी सेवा चालवते आणि मुदत संपल्यावर तिच्या जागी दुसरी येऊ शकते. तिकिटाच्या पैशात भागत नाही हे गृहीत धरूनच प्रांत आपल्या तिजोरीतून रक्कम देतो. अॅमस्टरडॅमने मात्र आपली जुनी कंपनी शहराच्याच मालकीची ठेवली आहे. दोन्ही वाटा चालू शकतात, असे ह्यावरून दिसते. दोन्हींत समान धागा एकच: बस तोट्यात चालणार हे उघड मान्य केलेले आहे आणि तो तोटा कोण भरणार हे आधी ठरलेले आहे.

आमचे म्हणणे एवढेच आहे. मुंबईने जवळजवळ अर्धे शतक हा भार नकळत उचलला. ती सोय आता उरलेली नाही. आता तो जाणूनबुजून, महापालिकेच्या अर्थसंकल्पात दरवर्षी ठळक आकडा लिहून उचलावा लागेल. नाही तर तो जुहूच्या थांब्यावर उभ्या असलेल्या, घरी परतू पाहणाऱ्या त्या बाईला एकटीने उचलावा लागेल, कधी जास्तीच्या भाड्याने, तर कधी न आलेल्या बसची वाट पाहून.