चेहरा गेला, शिरोभूषण उरले: कोंडाण्याचा बलक आणि समुद्राचे दागिने

कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागाजवळ एका भव्य यक्षमूर्तीचा अवशेष दिसतो. चेहरा पुरता नष्ट झाला आहे. शिरोभूषणाचे अतिशय नाजूक काम मात्र शिल्लक आहे. खांद्याजवळ ब्राह्मी लिपीतील एक ओळ आहे. तिचा अर्थ असा : कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले.

इसवी सनापूर्वीच्या या लेण्यांत दात्यांची नावे पुष्कळ आढळतात, घडविणाऱ्याचे नाव क्वचितच. ‘अंतेवासी’ म्हणजे गुरूजवळ राहणारा शिष्य. कण्ह हा भिक्षू होता की शिल्पी, याचा निर्णय त्या एका ओळीवरून होत नाही. शिरोभूषणाची जडणघडण पाहता बलकाने दागिने डोळसपणे न्याहाळले होते, एवढे निश्चित.

हे दागिने कशाचे असत? घाट चढून कार्ल्याला गेल्यास तेथील युगुलांतील स्त्रियांच्या हातांत कांकणे आणि पायांत जाड तोडे दिसतात. ती कांकणे शंखाची की हस्तिदंताची, हे दगड सांगत नाही. ते उत्खनन सांगते. तेर, म्हणजेच प्राचीन तगर, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असूनही तेथे सातवाहनकाळातील शंखाच्या बांगड्या सापडल्या आहेत. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीतही त्या मिळाल्या. म्हणजे ही आवड बलकाच्याही हजार वर्षांपूर्वीची!

शंखाची बांगडी करणे कष्टाचे काम. शंख आडवा कापायचा, आतील मधला दांडा काढून टाकायचा, कडे आतून-बाहेरून घासायचे आणि मग झिलई द्यायची. एका शंखातून मोजकीच कडी निघतात. उरलेल्या दांड्याचे मणी होत. बंगालचे शंखारी आजही मूलतः हेच करतात. यासाठी लागणारा जाड शंख मुख्यतः कच्छच्या आणि मन्नारच्या आखातांतला. म्हणूनच सारा माल बोरघाटानेच वर गेला, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. भडोचहून पैठण-तेरकडे येणारी खुश्कीची वाटही होतीच.

पोवळ्यांचा प्रवास याहून लांबचा. ती भूमध्य समुद्रातली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात भडोचच्या आयातीत पोवळी आहेत. रोमन लेखक प्लिनी सांगतो की, रोमच्या स्त्रियांना भारतीय मोत्यांचे जेवढे मोल, तेवढेच भारतीय पुरुषांना पोवळ्यांचे. दोन्ही किनाऱ्यांना परक्या समुद्राचीच ओढ! पेरिप्लसमध्ये कल्याण आणि चौल ही बंदरेही येतात. मात्र कल्याणला त्या वेळी अडथळा होता, तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात.

कल्याणहून उल्हास खोऱ्यातून वर जाणारी वाट कोंडाण्यावरून जाते, तर खालापूर-खोपोलीची वाट बोरघाटाला भिडते. कर्जत-खालापूरचा प्रदेश असा किनारा आणि देश यांच्या मधोमध आहे. लेणी नेमकी येथेच का, याचे उत्तर पुष्कळसे या वाटांत आहे.

किनाऱ्यावरील वस्तू किनाऱ्यापासून दूर अधिक मिरवली जाते, हे पुढेही दिसते. इंग्लंडच्या व्हिटबी गावी समुद्रकाठच्या कड्यांत ‘जेट’ मिळते. हे अश्मीभूत काळे लाकूड हाताने कोरून दागिने करीत. 1861 मध्ये प्रिन्स अल्बर्ट वारले, व्हिक्टोरिया राणीने शोकासाठी जेट घातले आणि ते देशभर गेले. (1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली; दोन्ही घटना एकाच दशकातल्या.)

कान्हेरीच्या लेखांत कल्याणचा सोनार सामिदत आणि सोपाऱ्याचा मणिकार नागपालित ही नावे दाते म्हणून आहेत. दागिने घडविणारे दान देण्याइतके सधन होते, नाव कोरवून घेण्याइतके प्रतिष्ठितही. शंख कापणाऱ्याचे नाव मात्र या लेखांत नाही. त्याच्या कामाचे तुकडे तेरच्या संग्रहालयात आहेत.