ओढ आणि वेग
(आकाशवाणीवरील भाषण)

चोपडे आणि शिवोली या दोन गावांच्या मधून शापोरा नदी वाहते. सह्याद्रीकडे तिला तिळारी म्हणतात. समुद्राजवळ येता येता तिचे नाव पालटते आणि पात्र रुंदावते. आज या दोन काठांमध्ये पूल आहे. तो नव्हता तेव्हा माणसे, गुरे, सामान आणि मोटारी फेरीबोटीने ओलांडत. भरतीच्या वेळी बोटीची फळी धक्क्याशी जवळजवळ सपाट टेकते. ओहोटीच्या वेळी तीच वाट उभ्या चढणीची होते. त्यामुळे सकाळी सहज वर आलेली भरलेली गाडी संध्याकाळी त्याच धक्क्यावर धापा टाकू लागते. इंजिन तेच, ओझे तेच. पालटली ती केवळ चढण.

आज आपल्याकडे ओझे ओढण्यासाठी पिकअप गाडी सर्रास वापरली जाते. मागे ट्रेलर जोडून होडी किनाऱ्यावर आणणे, नारळ, काजू, चिरे आणि वाळू वाहणे ही कामे ती करते. असा मालक मेस्त्रीकडे जातो आणि म्हणतो, ‘इंजिनाची ताकद वाढवून दे.’ ताकद म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मात्र तो विचारीत नाही. तो प्रश्न नवा नाही. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या कड्यापाशी तो आपल्या पूर्वजांसमोर उभा राहिला होता. त्याचे उत्तर कसे शोधले गेले, ते आज पाहू.

इंजिनाच्या आधी बैल होते. बेळगावकडचा माल रामघाटाने खाली येई तो बैलांच्या पाठीवर, कारण त्या उभ्या वाटेवर गाडी चालत नसे. पुढे आंबोलीचा घाट वळणे घेत घेत बांधला गेला, तेव्हा वेंगुर्ले बंदरापर्यंत बैलगाडी येऊ लागली. बैल काही अधिक बलवान झाले नव्हते. वाट लांबली, चढण सौम्य झाली आणि त्याच बैलांना अधिक ओझे ओढता आले. उंची तेवढीच चढायची असली तरी ती अधिक अंतरात वाटून घेतली, तर क्षणाक्षणाला लागणारी ओढ कमी होते. पुढे यंत्रात दातेरी चाकांनी जे साधले, ते घाटाच्या वळणांनी आधीच साधले होते.

जेम्स वॅट याने अश्वशक्तीचे माप ठरविले तेही घोड्याशी तुलना करूनच. एका मिनिटात 33,000 पौंड वजन एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. या व्याख्येत वजन आहे, अंतर आहे आणि काळही आहे. निम्मे वजन दुप्पट वेगाने उचलले तरी अश्वशक्ती तेवढीच भरते. म्हणून अश्वशक्तीचा आकडा ऐकून इंजिन किती ओझे ओढील ते कळत नाही; ते किती झपाट्याने काम करील एवढेच कळते. आस फिरविण्याच्या जोराला यंत्रज्ञ टॉर्क म्हणतात. आपण त्याला ओढ म्हणू. ओढ आणि फेऱ्यांचा वेग यांच्या गुणाकारातून अश्वशक्ती निघते.

आता बोरघाटाकडे वळू. मुंबई ते ठाणे ही पहिली आगगाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली. 1858 पर्यंत घाटाच्या वर खंडाळा ते पुणे लोहमार्ग झाला होता आणि घाटाखाली खोपोलीपर्यंत गाडी येत होती. मधला घाट प्रवाशांना पालखीने किंवा अन्य वाहनाने चढावा लागे. हा तुकडा जोडण्याचे काम ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने जेम्स बर्कले या मुख्य अभियंत्याच्या देखरेखीखाली केले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये येथे आल्यावर लवकरच वारला. त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, काम तडीस नेले. हजारो मजूर खपले आणि रोगराईत त्यांतील कितीतरी दगावले. 1863 च्या एप्रिलमध्ये घाट खुला झाला. सुमारे 25 किलोमीटरांच्या वाटेत गाडी 550 मीटरांहून अधिक उंची चढू लागली. सर्वांत तीव्र चढण 37 स एक अशी होती, म्हणजे 37 मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर.

हा आकडा फळ्यावर मांडून पाहिला की घाटाचे मर्म कळते. 37 स एक या चढणीवर दर टन वजन सुमारे 27 किलोच्या जोराने मागे ओढते. गाडी 500 टनांची असेल तर केवळ चढणीपायी साडेतेरा टनांची ओढ लागते. सपाटीवर धावण्यासाठी बनविलेले मोठ्या चाकांचे इंजिन येथे निरुपयोगी ठरते. म्हणून घाटासाठी वेगळी इंजिने आणली गेली. त्यांची चाके लहान आणि एकमेकांस जोडलेली. पाण्याची टाकी इंजिनाच्या अंगावरच, म्हणजे पाण्याचा भारही चाकांना रुळांवर दाबून धरी. चाक घसरले तर ओढ कितीही असो, ती वाया जाते. जोडीला गाडीच्या मागून ढकलणारे इंजिन लावण्याची रीत पडली. त्याला बँकर म्हणतात. कर्जतला बँकर जोडण्यासाठी गाडी थांबते आणि तेवढ्यात प्रवासी बटाटेवडा घेतात. ही चैन घाटाच्या चढणीमुळे मिळाली, हे खाणाऱ्याच्या ध्यानी क्वचितच येते.

मात्र घाटाने शिकविलेला दुसरा धडा अधिक कठोर होता. घाटात एके ठिकाणी गाडीला दिशा उलटवावी लागे. जानेवारी 1869 मध्ये उतरणारी एक गाडी आवरेना. ती त्या ठिकाणी न थांबता पुढे गेली आणि माणसे प्राणास मुकली. जे ओझे वर ओढता येते ते खाली आवरताही आले पाहिजे, हे सत्य त्या दिवशी फार महाग पडले. चढणीवर इंजिन कमी पडले तर गाडी थांबते. उतारावर ब्रेक कमी पडला तर ती थांबत नाही. दिशा उलटविण्याचे ते स्थानक 1929 मध्ये नवा मार्ग झाल्यावर कायमचे सुटले.

याच सुमारास घाटात वीज आली, आणि आपल्या विषयाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण येथेच सापडते. रेल्वेने विजेची दोन प्रकारची इंजिने मागविली. मालगाडीचे इंजिन लांब नाकाडाचे होते. चाकांना जोडदांडे लावलेले ते धूड पाहून लोक त्याला मगर म्हणत. अशी 41 इंजिने 1928 पासून आली. त्यांची शक्ती सुमारे 2600 अश्वशक्ती होती. उताऱ्यांच्या गाड्यांसाठी आलेल्या दुसऱ्या जातीच्या इंजिनाची शक्ती त्याहून कमी, सुमारे 2160 अश्वशक्ती. तरी वेगात दुसरेच सरस होते: मगरीची धाव ताशी 80 किलोमीटरांपर्यंत, तर दुसऱ्याची सुमारे 120. जून 1930 मध्ये सुरू झालेल्या दख्खनच्या राणीला हे दुसरे इंजिन शोभले. दोन्ही इंजिनांना तारेतून येणारी वीज एकच, 1500 व्होल्टांची. एकाची जुळणी ओढीसाठी होती, दुसऱ्याची धावेसाठी. शिवाय मगर घाट उतरताना आपल्या मोटारींनाच वीज निर्माण करायला लावून गाडी आवरी आणि ती वीज तारेत परत देई. तिच्या रचनाकारांनी चढण आणि उतार या दोहोंचा विचार एकत्रच केला होता.

गोव्यातही हाच घाट निराळ्या नावाने उभा आहे. मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतचा लोहमार्ग 1888 पर्यंत पुरा झाला. कुळ्यापासून वरची चढण येथेही 37 स एक अशीच आहे, आणि दूधसागराजवळून जाणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिनांचा आधार लागतो. याच्या उलट कोकण रेल्वे पाहा. ती 1998 च्या जानेवारीत पूर्णपणे खुली झाली. पेडण्याच्या बोगद्यात मऊ, ओल्या मातीने बांधकाम करणाऱ्यांचा अंत पाहिला. पण मार्गाची चढण 150 स एक याहून तीव्र होऊ द्यायची नाही हा निश्चय ढळला नाही. 150 स एक चढणीवर टनामागे लागणारी ओढ सातएक किलो भरते, म्हणजे घाटाच्या चौथ्या हिश्शाइतकी. म्हणूनच 1999 साली कोलाड ते वेर्णे अशी भरलेल्या ट्रकांना आगगाडीवर चढवून नेण्याची सेवा सुरू करणे शक्य झाले. इंजिन वाढविण्याऐवजी वाट सुधारली. आंबोलीच्या घाटाची युक्तीच पुन्हा वापरली गेली.

रस्त्यावरची कथाही याच सूत्राने चालते. दुसऱ्या महायुद्धातील जीपचे इंजिन अवघे 60 अश्वशक्तीचे होते. पण त्याची सर्वाधिक ओढ मिनिटाला 2000 फेऱ्यांच्या आसपासच मिळे आणि जोडीला ओढ जवळजवळ दुप्पट करणारा खालचा गिअर होता. म्हणून तोफ आणि ट्रेलर ओढून ती चिखलातून निघे. 1947 मध्ये मुंबईत महिंद्रांनी जीपची जुळणी सुरू केली आणि ही गाडी आपल्या खेड्यापाड्यांत रुळली. 1954 पासून टाटा-मर्सिडीज-बेंझचे डिझेल ट्रक आले. 1988 साली टाटामोबाईल ही पिकअप आली. डिझेल इंजिन सावकाश फिरतानाही चांगली ओढ देते. ओझ्यासाठी त्याची निवड झाली ती यामुळेच.

मग आजच्या मालकाने मेस्त्रीकडे काय मागावे? हिशोब करू. पिकअप आणि ट्रेलर मिळून चार टन, आणि चढण दहास एक. केवळ चढणीपायी 400 किलोची ओढ लागते. ती ताशी 40 किलोमीटर वेगाने चढायची तर सुमारे 60 अश्वशक्ती चाकांपर्यंत पोचली पाहिजे. ताशी 20 ने चढलात तर 30 पुरते. ओझे ठरलेले असते, चढण ठरलेली असते. वेग मात्र आपल्या हाती असतो. पुष्कळांना शक्ती वाढविण्याची गरज नसते. खालचा गिअर वेळेवर टाकण्याची असते.

पूर्वी मेस्त्री डिझेलचा पंप वाढवून देत. डिझेल जास्त जाई, पण ते जाळण्याइतकी हवा नसे. मग काळा धूर निघे आणि इंजिन तापे. आता पंपाच्या जागी संगणक आला आहे आणि काही लोक त्याची आज्ञावली पालटून देतात. तत्त्व तेच राहिले आहे. एक जुळणी धावण्याची असते. ती वरच्या फेऱ्यांत जोर देते आणि मोकळ्या गाडीत सुखावते. एक काटकसरीची असते. ओढण्यासाठी योग्य जुळणी ती, जी कमी फेऱ्यांत स्थिर ओढ देते, हवेच्या मानाने डिझेल आखडून ठेवते, इंजिनातून निघणाऱ्या धुराची उष्णता मर्यादेत राखते आणि चढणीवर गिअर लवकर वर जाऊ देत नाही. शर्यतीतील गाडी क्षणभर पूर्ण जोर लावते. ओझे ओढणारी गाडी अर्धा तास लावते. क्षणभर सोसणारी उष्णता अर्धा तास सोसत नाही. शिवाय इंजिनाबरोबर क्लच, पाणी थंड करणारी यंत्रणा आणि ब्रेक आपोआप वाढत नाहीत. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 निर्मात्याच्या मूळ नमुन्याशी विसंगत फेरफारास मनाई करते, त्यामागे हाच विचार आहे. तेव्हा सर्वांत शहाणी निवड बहुधा ही, की निर्मात्याने ओझ्यासाठी ठरवून दिलेली जुळणी राखावी, आणि ओझे अधिक असेल तर मोठी गाडी घ्यावी किंवा खेपा वाढवाव्यात.

डिचोलीच्या खाणींवर ज्यांनी ट्रक चालविले त्यांना हे सांगावे लागत नाही. तेथे रिकामा ट्रक डोंगर चढे आणि भरलेला ट्रक नदीकाठच्या धक्क्याकडे उतरे. त्या चालकांचे कसब ओढण्यात नव्हते, आवरण्यात होते. ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा, हा त्यांचा दंडक मगरीच्या रचनाकारांनाही पटला असता.

श्रोतेहो, बैलाच्या मानेवर जू ठेवण्यापूर्वी जाणता शेतकरी आधी वाट पाही, मग ओझे पाही आणि शेवटी बैल पाही. यंत्राच्या काळात आपण हा क्रम उलटा केला आणि शक्तीचा आकडा प्रथम विचारू लागलो. घाटांचा इतिहास सांगतो की जेथे जुना क्रम पाळला गेला तेथे ओझी सुखरूप वर गेली, आणि सुखरूप खालीही आली. ट्रेलर जोडण्यापूर्वी एवढे स्मरले, तरी पुष्कळ घरची माणसे संध्याकाळी वेळेवर घरी पोचतील.