ऑसिलोस्कोपच्या सुईची हकिगत

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. खडोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात तो नादुरुस्त सर्किट बोर्ड तपासण्याचे काम करतो. चहा पुढे आला तरी त्याचे लक्ष नव्हते. शेवटी त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेला, पत्त्याच्या पानाएवढा एक बोर्ड काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "सर, ऑसिलोस्कोपची सुई दोन पायांच्या मध्ये घसरली. क्षणभरच. आणि हे पाहा." काळ्या आयसीच्या कडेवर मोहरीएवढा खड्डा पडला होता. "अशी ही तिसरी खेप. आता मला त्या बाकावर ठेवणार नाहीत," तो म्हणाला.

त्या आयसीच्या दोन पायांमधले अंतर अर्धा मिलिमीटर होते. सुईचे टोक कितीही अणकुचीदार असले तरी एवढ्या जागेत मुलाचा हात थरथरला, तर दोष एकट्या हाताचा म्हणावा काय? या प्रश्नाने मला जुन्या हकिगतीकडे वळविले.

विजेचे हेलकावे डोळ्यांना दाखविणारी नळी कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने 1897 साली स्ट्रासबुर्ग येथे तयार केली. काचेच्या नळीतून धावणारा किरण पडद्यावर आदळे, तेथे प्रकाशाचा ठिपका उमटे आणि शेजारच्या वेटोळ्यातील प्रवाहाबरोबर तो वर-खाली नाचे. त्या नाचाची रेघ दिसावी म्हणून ब्राउन फिरत्या आरशातून पडद्याकडे पाही. ऑसिलोस्कोपचे मूळ ते हेच. पुढे अमेरिकेतील टेक्ट्रॉनिक्स कंपनीने 1947 साली असा ऑसिलोस्कोप विक्रीस आणला, की ज्यात लहर ठराविक क्षणी पकडून पडद्यावर स्थिर उभी करता येई. तेव्हापासून हे यंत्र कारागिराच्या बाकावरचे झाले.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी ट्रान्झिस्टर घडविला. आणि तो घडला तो जवळजवळ सुया टोचण्याच्या कलेतूनच. प्लॅस्टिकच्या पाचरीवर सोन्याचा पातळ पत्रा गुंडाळून ब्रॅटनने तिच्या टोकाशी तो पात्याने चिरला. अशी सोन्याची दोन टोके तयार झाली. त्यांतील अंतर मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास होते. ती टोके स्प्रिंगच्या दाबाने जर्मेनियमच्या तुकड्यावर टेकविली गेली. 23 डिसेंबरला मंडळातून बोललेला आवाज मोठा झालेला कानांनी ऐकू आला आणि ऑसिलोस्कोपवर डोळ्यांनी दिसला. माझ्या विद्यार्थ्याला मी हे सांगितले तेव्हा तो पहिल्यांदा हसला. त्यांनी मात्र हात वापरला नव्हता, स्प्रिंग वापरली होती. हा बारकावा पुढे उपयोगी पडणार आहे.

आता आपल्या बाजूस येऊ. 1954 साली दादरा, नगर हवेली पोर्तुगीज अमलातून मुक्त झाली. त्यानंतरच्या एक-दोन वर्षांत येथून दक्षिणेस, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या पुढाकाराने तरुणांचा एक गट स्वतः संगणक बांधावयास बसला होता. 1956 साली लहान प्रायोगिक यंत्र चालू झाले, 1960 साली मोठे. 1962 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण झाले. त्यात सुमारे 2700 निर्वात नळ्या, 1700 जर्मेनियम डायोड आणि 12500 रोध होते. असल्या यंत्रात बिघाड शोधणे म्हणजे कप्प्यामागून कप्पा उघडून ऑसिलोस्कोप लावणे. नळी अंगठ्याहून जाड, तिच्या पायांमध्ये आजच्या मानाने ऐसपैस जागा. सुई घसरण्याचे भय थोडे. भय होते ते माणसाला, कारण निर्वात नळ्यांना शेकडो व्होल्टचा दाब लागतो. म्हणून एक हात खिशात ठेवून दुसऱ्या हाताने मोजण्याची शिस्त त्या पिढीने पाळली. विजेला एका हातातून दुसऱ्या हातात, हृदयावरून जाण्याची वाट मिळू नये, हा त्यातला हेतू.

त्या मानाने आजच्या बोर्डावर बहुधा पाच किंवा तीन व्होल्ट खेळतात. माणसाला त्याचे काही नाही. धोका जणू बाजू बदलून गेला आहे. पूर्वी स्पर्श करणाऱ्याने जपावयाचे, आता ज्याला स्पर्श करावयाचा त्याला जपावयाचे. जॅक किल्बीने 12 सप्टेंबर 1958 रोजी जर्मेनियमच्या एकाच पट्टीवरील मंडल वरिष्ठांना दाखविले, तेव्हा ऑसिलोस्कोपवर लहर उमटली आणि आयसीचे युग सुरू झाले. पहिल्या प्रचलित आयसींचे पाय 2.54 मिलिमीटर अंतरावर असत. मग ते 1.27 वर आले, मग अर्ध्यावर. काहींचे पाय तर आता पोटाखाली गेले आहेत, तेथे सुई पोहोचतच नाही. म्हणूनच आयसीच्या आतूनच तपासणी करण्याची एक पद्धत 1990 साली प्रमाण ठरविली गेली.

पण सुईचा काळ संपलेला नाही, आणि तिची एक खोड फार फसवी आहे. सुईबरोबर एक वीतभर तार आणि चिमटा येतो; तो बोर्डाच्या जमिनीला, म्हणजे शून्य दाबाच्या भागाला, लावावयाचा असतो. वेगवान लहर मोजताना ही लांब तारच स्वतःहून थरथरते आणि नसलेली कंपने पडद्यावर दाखविते. दुरुस्ती करणारा बिचारा चांगला भाग उपटून दुसरा बसवितो! सुईवरचे टोपण काढून तिच्या शेजारी बोटाच्या पेराएवढी स्प्रिंग लावली, की बहुतेक भूत नाहीसे होते.

त्याहून गंभीर गोष्ट चिमट्याची आहे. हा चिमटा ऑसिलोस्कोपच्या प्लगमधील तिसऱ्या पिनेतून थेट अर्थिंगला जोडलेला असतो. घरातील 230 व्होल्टची वीज सरळ करून घेणाऱ्या पुरवठ्यात आतील दाब 325 व्होल्टच्या घरात जातो, आणि तेथील 'जमीन' ही खरी जमीन नसते. तिला चिमटा लावला, की कडकडाट होतो. यावर उपाय म्हणून काही जण ऑसिलोस्कोपची तिसरी पिनच तोडतात. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत एका कार्यशाळेत असा प्लग मी पाहिला, आणि ऑसिलोस्कोपच्या धातूच्या पेटीला कोपर लागताच त्याचा अर्थही कळला. दोन दिवस दंड बधिर होता. पिन तोडल्याने धोका जात नाही, तो पेटीवर येऊन बसतो. तपासावयाच्या वस्तूला विलग करणारा ट्रान्सफॉर्मर द्यावा, किंवा दोन बिंदूंमधला फरक मोजणारी खास प्रोब घ्यावी. अर्थिंगला मात्र हात लावू नये.

मी भिंग आणले. बोर्डावरचा तो पाय शोधून त्यापासून निघालेली तांब्याची रेघ आम्ही दोघांनी मिळून बोटभर पुढे पाहत नेली. ती एका रोधापाशी थांबली होती. रोध एक मिलिमीटर लांबीचा, पण त्याच्या टोकाशेजारी दुसरे काही नव्हते. "अरे, येथे मोज ना! वीज तीच आहे," मी म्हणालो. त्याने कपाळाला हात लावला. मग तो स्वतःच बोलू लागला : जेथे अशी जागा नसेल तेथे वीज बंद करून केसाएवढी इनॅमलची तार सोल्डर करावी, तिचे दुसरे टोक बोर्डाच्या कडेला चिकटपट्टीने पक्के करावे, सुई त्या टोकाला लावावी आणि मगच वीज सुरू करावी. म्हणजे चालू बोर्डावर हात न्यावयासच नको. सोन्याची टोके टेकविणाऱ्या ब्रॅटनच्या स्प्रिंगचीच ही धाकटी बहीण. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधण्याचे मात्र मला आठवण करून द्यावे लागले. थंडीतील कोरड्या हवेत अंगावर साचणारी वीज काही हजार व्होल्टपर्यंत आपल्याला जाणवतही नाही, आणि नाजूक आयसी तिने निकामी होतो.

नाताळात तो पुन्हा आला, तेव्हा बोर्ड आणला नव्हता. तो अजून त्याच बाकावर आहे, आणि शेजारी बसणाऱ्या नव्या मुलीला तार सोल्डर करावयास शिकवीत आहे.